बुरशीचं विरजण

पुणे, १४ नोव्हेंबर १९९९

मामा, जयभीम.

पार्सल एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं आहे. कळमनुरीच्या स्टँडवर स्वतः जाऊन उतरवून घ्या आणि उन्हात ठेवू नका. आत काचेच्या बाटल्या आहेत, त्यांत उकडलेल्या तांदळावर वाढवलेली बुरशी आहे. झाकणं उघडून बघू नका. तुम्हाला राहवणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते.

तुम्ही विचारलंत, ही कसली बुरशी आणि तिचं एवढं काय कौतुक. शिळ्या भाकरीवर येते तिच्या दूरच्या नात्यातली ही, बारीक धाग्यांची. ज्वारीची धाटं, सोयाबीनचा भुसा, केळीचे खांब, हळदीचा पाला, जे तुमच्याकडे बांधावर पेटवून देतात ते ती खाते. कडक असेल ते मऊ करते आणि त्यातली साखर मोकळी करते. त्या गोड पाण्यापासून स्पिरिट निघतं, त्यावर इंजिन चालतं. मागे उरलेला चोथा बुरशीच्या धाग्यांनी भरलेला असतो आणि त्या धाग्यांत डाळीसारखी प्रथिनं असतात. दुभत्या जनावराला एवढा स्वस्त खुराक दुसरा नाही.

भुसा ड्रममध्ये चांगला उकळायचा, निववायचा, तट्ट्यावर पसरायचा, बाटलीतलं बी त्यात मिसळायचं आणि ओल्या गोणपाटानं झाकायचं. थोड्याच दिवसांत सगळा थर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा होतो. पांढरा असेल तरच तो आपला. दुसरा कुठलाही रंग दिसला तर तो घाणा जाळून टाका. दर घाण्याला माझ्याकडचं नवं बी वापरा, संपलं की कळवा. आणि हे फक्त जनावरांसाठी आहे. माणसांसाठीच्या चाचण्या व्हायच्या आहेत.

शीतलचं पत्र आलं होतं. तिसरा महिना आहे आणि तपासणीत रक्त फार कमी निघालं. सासरी तिच्या खाण्याकडे कोण बघणार, तुम्ही तिला लवकर बोलावून घ्या. आम्ही दोघी तुमच्या घरी एका ताटात जेवलो. मी भराभर जेवायची आणि ती गोष्टी सांगत बसायची, म्हणून मी अशी आणि ती तशी.

आई बरी आहे.

तुमची भाची,
करुणा


डोंगरकडा, ९ डिसेंबर १९९९

करुणा, लेकी, जयभीम.

झाकणं उघडली नाहीत. एकच उघडलं, आणि लगेच लावलं.

जागा तांड्यात घेतली. आपल्या वस्तीत जागा होती, पण प्रेमसिंग नाईक माझ्या वर्गातला आणि त्याच्या तांड्याला मोठं मोकळं छप्पर. शिवाय मला दोन्ही वस्त्या एका कामाला लागलेल्या बघायच्या होत्या. पाटावर बसून मी बोललो. म्हणालो, तुमचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख खाऊ घालत होते. रेल्वे आली आणि ते काम हातातून गेलं. माझे आजे मेलेली ढोरं ओढत होते, ते काम आम्ही स्वतः टाकून दिलं. त्यानंतर दोघांनाही गावाच्या कडेला जागा मिळाली, जिथं गाव आपला कचरा टाकतं. मग आता त्या कचऱ्याचे मालक आपण होऊ. जगात जे जे मोठं झालं ते कोणीतरी फेकून दिलेल्यातून झालं आहे. टाळ्या झाल्या, पण प्रेमसिंग टाळ्यांनी भुलणारा नव्हे.

"रामजी," तो म्हणाला, "भाकरीला बुरशी आली त माझी बायको मला बोलून राहिली, अन् तू ती पेरायला सांगून राहिला."

रुख्मिणीबाई, म्हणजे त्याची बायको, मागून म्हणाली, "मामा, भाकरीला बुरशी काहून येते ते इचारा त्याइला. टायमावर जेवायला येत न्हाईत म्हून."

काम तिनंच हातात घेतलं. बायका भुसा उकळतात, पसरतात, झाकतात. गोणपाट उचललं तेव्हा थर असा पांढरा होता की बायका एकमेकींना बोलावून दाखवू लागल्या. म्हशींनी टोपली चाटून पुसून खाल्ली. स्पिरिटवर विहिरीचं इंजिन चाललं. ते कोणी पिऊ नये म्हणून मी त्यात रॉकेल मिसळलं, तर प्रेमसिंग म्हणतो, "इंजनाला पाजून राहिला अन् सोबत्याला वासबी न्हाई. बरा तुझा न्याय."

शीतलला आणायला सुरज जावयांना लिहिलं आहे. बी संपत आलं, लवकर पाठव.

तुझा मामा,
रामजी


पुणे, २८ डिसेंबर १९९९

मामा,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या सरांनी ते मागून घेतलं. पुढच्या वर्षी दिल्लीला जो अहवाल जाणार आहे, त्यात हिंगोली जिल्ह्याचं पान पहिलं असेल म्हणाले. पहिल्यांदाच कोणीतरी हे काम काचेबाहेर करून दाखवलं आहे.

एक अडचण आहे. बी तयार करण्याची आमची खोली दुरुस्तीला बंद आहे आणि फेब्रुवारीपर्यंत नवं बी देता येणार नाही. तोपर्यंत काम थांबवा. थोडे दिवस म्हशींना साधी पेंड घाला, बिघडत नाही.

शीतल आली का? तिला पालक, गूळ, शेंगदाणे द्या आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. गोळ्या ती उशीखाली लपवते, लहानपणापासून.

करुणा


डोंगरकडा, ३० जानेवारी २०००

करुणा, जयभीम.

काम थांबलं नाही आणि थांबवायची गरजही पडली नाही. तू एवढं शिकलीस, पण घरातली साधी गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. ती रुख्मिणीबाईच्या आली.

मी तांड्यात जाऊन सांगितलं की पुण्याहून बी येणार नाही, महिनाभर बंद. ती हसली. म्हणाली, "मामा, दही लावायला दर टायमाला कोणी पुण्याला जाते का?" तिनं शेवटच्या घाण्यातला एक मूठभर थर मडक्यात झाकून ठेवला होता. तो नव्या भुश्यात मिसळला आणि घाणा लागला. त्यातलं मूठभर पुढच्याला. आता हे असंच चालू आहे. तांड्यात विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. शेजारणीनं वाटी पुढं केली की द्यायचंच, भांडण असलं तरी द्यायचं. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीबरोबर घरचं विरजण बांधून देते. त्यामुळे ही बुरशी आता आपल्याच छपराखाली नाही, घराघरात मडक्यात आहे. औंढ्याच्या बाजूच्या दोन तांड्यांत गेली, नरसीच्या रस्त्याला गेली. मी आयुष्यभर भाषणं करून जे पसरवू शकलो नाही, ते बायकांनी महिन्याभरात पसरवलं.

सध्या हळदीची काढणी आहे, म्हणून भुश्यात हळदीचा पाला भरपूर पडतो. त्यामुळे थराला आता छान पिवळसर हिरवी झाक येते. बायकांना तो रंग फार आवडला. हळदीचा रंग शुभ असतो म्हणे. शुभ-अशुभ मी मानत नाही, पण आमच्या मातीचा रंग तुझ्या बुरशीला चढला याचा आनंद मला झाला.

म्हशी मधे दोन दिवस तोंड फिरवत होत्या. वास थोडा उग्र झाला असेल. मी गुळाचं पाणी शिंपडायला सांगितलं, आता मुकाट खातात.

शीतल आली आहे. काळजी करू नकोस, तिला इथं जे मिळतंय ते तिला आजवर कुठंच मिळालेलं नाही.

मामा


पुणे, १२ फेब्रुवारी २०००

मामा, जयभीम.

आधी काम बंद करा, मग पत्राचा पुढचा भाग वाचा.

दह्याचं विरजण टिकतं, कारण दूध आंबट होतं आणि त्या आंबटात दुसरं फारसं काही जगत नाही. भुसा आंबट होत नाही. उघड्या छपराखाली, मुठीतून मुठीत, मडक्यातून मडक्यात जाताना दर वेळी हवेतली, हातावरची, गोणपाटातली दुसरी बुरशी त्यात शिरते. माझी बुरशी दर खेपेला थकत जाते आणि ती दुसरी जोर धरते. शेवटी मडक्यात माझी काहीच राहत नाही. नाव तेवढं राहतं.

हळदीच्या पाल्यानं भुसा पिवळा होईल, बुरशीचे धागे होणार नाहीत. बोटानं घासून बघा. रंग असेल तर बोटाला डाग पडेल. पूड उडाली तर तो रंग नव्हे, दुसऱ्या बुरशीची बीजं आहेत, आणि पिवळ्या-हिरव्या बुरशीतली एक जात विषारी असते. ते विष उकळून, भाजून, वाळवून जात नाही. गुळानं फक्त त्याचा वास झाकला जातो. ज्या दिवशी म्हशींनी तोंड फिरवलं त्याच दिवशी घाणा जाळायला हवा होता.

माझी शंका चुकीची असू शकेल. म्हणून प्रत्येक मडक्यातलं थोडं कागदाच्या पुडीत बांधून पाठवा.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला कळलं नाही. शीतलला काय मिळतंय? मामा, हे कोणी माणूस खात नाही ना?

करुणा


डोंगरकडा, ३ मार्च २०००

करुणा,

तुझं पत्र आल्यावर लगेच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू मला पुन्हा पत्र पाठवलं नसतंस.

जनावरांना चालेल, माणसांनी थांबावं. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. तळ्याचं पाणी ढोरांनी प्यावं, तुम्ही थांबा. शाळेच्या भिंतीवर पाल चढेल, तुम्ही दाराबाहेर थांबा. गोदामात धान्य आहे, घुशी खातील, तुम्ही थांबा. आमच्या तीन पिढ्या या थांबण्यात गेल्या. आता माझ्या घरात वाढलेली माझी भाची पुण्याच्या प्रयोगशाळेतून तेच लिहिते, फरक एवढाच की अक्षर सुवाच्य आहे. तुमच्या चाचण्या पाच वर्षांनी पुऱ्या होतील. तोपर्यंत ज्या पोटात आज प्रथिनं जायला हवीत, ती पोटं स्मशानात गेलेली असतील. मी हे लिहितो ते रागानं लिहीत नाही. मी पुस्तकं वाचून हे शिकलो की ज्ञान ज्यांच्या हातात असतं ते नेहमी म्हणतात, अजून वेळ आली नाही. आणि ज्यांना भूक असते त्यांची वेळ कधीच गेलेली असते.

हो, माणसं खातात. मी पाठवलेल्या ओळीत ते लपवलं नव्हतं, तुला ते कळेल असं वाटलं होतं. कोंड्यावर वाढवलेला थर वाळवून गिरणीत दळतो आणि ज्वारीच्या पिठात मिसळतो. सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर भाकरी केली. आधी मी खाल्ली. लोक बघत राहिले, कोणी हात पुढं केला नाही. मग मी शीतलला बोलावलं. माझ्या पोटच्या, पोटुशी असलेल्या लेकीनं सगळ्यांसमोर ती भाकरी खाल्ली, तेव्हा पहिली परात पुढं आली. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा तीच खाते. दुसरं काही मागत नाही. बायका तिला बघायला येतात. लोक त्याला मामाचं पीठ म्हणतात.

प्रेमसिंगची म्हैस गाभडली, हेही सांगतो. तांड्यात आणखी गाभडल्या. ऊन लवकर चढलं यंदा. रुख्मिणीबाई दृष्ट लागली म्हणून गोठ्याला लिंबू बांधत होती, ते मी तोडलं आणि तिथंच उभा राहून अंधश्रद्धेवर बोललो. प्रेमसिंग म्हणाला, "रामजी, तुझं बोलनं आयकून म्हशीबी उठून बसतेत, पन वासरू काही परत येत न्हाई." त्याला बोलायची सवयच आहे.

शीतलच्या पायांना सूज आहे, ती या दिवसांत असतेच. अंगाला हळदीसारखी कांती आली आहे. थकते लवकर. तुझी आठवण काढते.

जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिलला, सात गावांच्या अंगणवाड्यांना हे पीठ आपण आपल्या हातानं देणार आहोत. मंडप सांगितला आहे. पुड्या सोबत पाठवतो. तपास आणि मग मला पत्र लिही, माफीचं लिहिलंस तरी चालेल.

रामजी


पुणे, १७ मार्च २०००

मामा,

डोंगरकड्याच्या बूथवर फोन केला. तुम्ही आलात, ऐकलंत आणि म्हणालात, फोनवर घाबरवू नको, लेखी दे. आणि ठेवून दिलात. लेखी देते आहे, आजच्याच एस.टी.च्या कंडक्टरकडे. सर म्हणाले, अहवाल जाईपर्यंत काही लेखी देऊ नकोस. तरी देते आहे.

तुम्ही पाठवलेल्या एकाही पुडीत माझी बुरशी नाही. सगळ्यांत तीच विषारी जात आहे, आणि विषही आहे. ज्या प्रमाणात आहे ते मी पुन्हा पुन्हा तपासलं, कारण माझा विश्वास बसेना. हे विष काळजाला, म्हणजे यकृताला, आतून जाळतं. म्हशी त्यानंच गाभडल्या.

कांती नाही, मामा. कावीळ आहे ती. तिचे डोळे उजेडात बघा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी शीतलला गाडीत घाला आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पिठाची पुडी डॉक्टरांना दाखवा, काय खाल्लं ते लपवू नका. मी उद्या रात्रीच्या गाडीनं निघते.

मंडप मोडा. मडकी जाळा. थांबा, हा शब्द तुम्हाला आवडत नाही हे मला माहीत आहे. पण थांबा.

करुणा


डोंगरकडा, १८ एप्रिल २०००

करुणा,

तू पुण्याला गेल्यावर घरात तीन ताटं वाढली जातात, मग शीतलचं उचलून ठेवतात. सुरज जावई राख घेऊन गेले. जाताना माझ्या पाया पडले. भांडले असते तर बरं झालं असतं.

तू दवाखान्यात मला म्हणालीस की आता रडण्यापेक्षा चौदा तारखेला उभे राहा. मी उभा राहिलो. मंडप मोडला नव्हता, मुद्दामच. सगळे आले होते, सात गावांचे आणि चार तांड्यांचे. अंगणवाडीच्या बायका डबे घेऊन आल्या होत्या.

मी म्हणालो, हे पीठ विष आहे. माझी लेक यानं गेली. मी चुकलो. मडकी घेऊन या आणि इथं माझ्यासमोर जाळा.

तुला वाटेल आरडाओरडा झाला असेल. झाला नाही. लोक दुःखी चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिले. मग प्रेमसिंग उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकपासून मला बाजूला नेऊ लागला. म्हणाला, "रामजी, लेकीचं दुख लई वाईट. मानूस काहीबी बोलते. चल, पानी पी."

मी म्हणालो, "प्रेम्या, मी शुद्धीत आहे. तुझी म्हैस कशानं गाभडली?"

"तूच म्हनला, उन्हानं."

"मी चुकीचं सांगितलं."

"तवा तुझी लेक जित्ती व्हती, तवा तू बराबर बोलून राहिला व्हता. आता तुझं डोकं ठिकानावर न्हाई, अन् आता म्हनतो चुकलो. आमी कोनतं धरावं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मामा, तुमीच सांगितलं व्हतं. सायब लोकं येतील, थांबा म्हनतील, तवा थांबू नका. आता तुमालाबी त्याइनं गाठलं का?" हे माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द माझं. म्हणतानाचा हातवारासुद्धा त्यानं माझाच केला.

अंगणवाडीला पीठ गेलं नाही, एवढं मी करू शकलो. पोत्यांवर मी स्वतः रॉकेल ओतलं आणि काडी लावली. रुख्मिणीबाई एकटी तिचं मडकं घेऊन आली आणि आगीत टाकून परत गेली. बाकी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या घरात परत विरजण आलं आहे. सुनेनं शेजारून मागून आणलं. शेजारीण नाही म्हणाली नाही.

रामजी


पुणे, ६ मे २०००

मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. ती विचारते, दादा जेवतो का.

मी लेखी तक्रार दिली. सरांनी ती घेतली, चहा मागवला आणि मला समजावलं. त्यांचं म्हणणं असं की बुरशीचा दोष नाही, विरजणाचा आहे, म्हणजे वापरणाऱ्यांचा. त्यामुळे अहवालात हिंगोलीचं पान तसंच राहिलं. पान छान आहे. त्यात तुमच्या पहिल्या पत्रातली वाक्यं आहेत, इंजिनाची आणि चाटून पुसून खाणाऱ्या म्हशींची. दिल्लीला ते आवडलं. पावसाळ्यानंतर आणखी दोन जिल्ह्यांत बी जाणार आहे. मी नाही म्हणाले, तर ते दुसऱ्याच्या हातून जाईल.

मी इथून जे करता येईल ते करते आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला लिहिलं आहे, कोणाचं उत्तर नाही. सरकारी कागद तांड्यापर्यंत पोचायला वर्ष लागेल आणि मडकं एका लग्नात पोचतं. हा लग्नाचा मोसम आहे, मामा. किती मुली सासरी गेल्या असतील.

तुम्ही त्यांच्या मागे जाऊ शकता. ज्या घरांतून मुली गेल्या ती घरं तुम्हाला माहीत आहेत. सभा घेऊ नका. एकेका चुलीपाशी बसा आणि शीतलचं सांगा. भाषण नको, फक्त तिचं सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

करुणा


उमरखेडच्या बाजूला, ४ जून २०००

करुणा,

हे पत्र एका दुकानाच्या बाकड्यावर बसून लिहितो आहे. पैनगंगा ओलांडून इकडे आलो. तू सांगितलंस तसंच करतो आहे. घर शोधायचं, चुलीपाशी बसायचं, शीतलचं सांगायचं. काही ठिकाणी ऐकतात. बाई मडकं बाहेर आणून ओतते, मी पेटवतो. पुढच्या घरी जाईपर्यंत माझ्या मनात येतं की ही आता शेजारणीकडे वाटी घेऊन गेली असेल. मागे वळून बघायचं मी सोडून दिलं आहे.

आज एका तांड्यात गेलो. तिथं आपल्या भागातून कोणी दिलेलं नाही, पण पीठ आहे. कुठून कुठून होत आलं ते कोणाला सांगता आलं नाही. एका घराच्या ओट्यावर रुपा नावाची पोरगी सूप घेऊन बसली होती. पोटुशी आहे, सहावा-सातवा असेल. सुपात तेच होतं, पिवळं. तिनं फुंकर मारली तेव्हा पूड उडाली.

मी विचारलं, "लेकी, हे किती दिवस खाऊन राहिली?"

"होळीपासून. सासूबाईनं आनलं. अंगात रगत न्हाई म्हून."

"खाऊ नको. विष आहे हे. आधी डोळे दाखव मला."

ती हसली. डोळे दाखवले नाहीत, पदर पुढं ओढला. "इख कसं असंल बाबा? हे मामाचं पीठ हाय. तिकडं हिंगोलीच्या बाजूला रामजीमामा म्हून मोठा मानूस हाय. त्येनं सोताच्या लेकीला खाऊ घातलं भर सभेत. गरवार व्हती ती."

"मग काय झालं त्या लेकीचं?"

"पोरगा झाला की. गुटगुटीत. समद्याइला ठाव हाय."

"कोणी सांगितलं तुला?"

"समदेच सांगतेत. मामाच्या घरी फोटो हाय म्हनतेत त्या लेकराचा."

करुणा, मी आयुष्यात हजारांच्या पुढं उभा राहिलो आणि मला कधी शब्द शोधावा लागला नाही. त्या ओट्यावर मला एक वाक्य जुळवायला फार वेळ लागला. मी म्हणालो, "मीच रामजी. माझी लेक गेली. लेकरूबी गेलं."

तिनं सूप खाली ठेवलं. माझी धूळ भरलेली पायताणं बघितली, वाढलेली दाढी बघितली, खांद्यावरची पिशवी बघितली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती. आत जाऊन तिनं तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला.

"पानी प्या बाबा, अन् सावलीला बसा जरा. उन्हाचं लई फिरू नका. असं कोनाच्या लेकराइबद्दल वंगाळ बोलू नये."

मग तिनं सूप उचललं आणि दार लोटून घेतलं. मी पाणी प्यालो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

रामजी